कापून घेतलेल्या सह्या

“पण बाबा, हात माझा, पेन माझं, मग नाव दुसऱ्याचं कसं उमटतं?”

विचारत होते हेडमास्तर मोहनीराज चौबळ. अख्ख्या तालुक्याला शिस्त लावलेले मास्तर, आज टेकडीवरच्या फकिरापुढे मांडी घालून बसले होते! भर दुपार होती. दर्ग्यात दुसरं चिटपाखरू नव्हतं.

“कुणाचं नाव?” चाँदशा बाबांनी विचारलं.

“गव्हर्नरचं. इंग्रजांच्या वेळच्या. कधीच मेला तो.”

झालं होतं असं. पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, म्हणून मास्तरांनी बँकेत सही केली. कारकुनाने कागद परत सरकवला. “मास्तर, ही सही तुमची नाही.” मास्तर त्याच्यावर खेकसले, पुन्हा सही केली. पुन्हा तीच, लांब शेपटीची इंग्रजी सही! महिना झाला, स्वतःचं नाव काही केल्या हातून उतरेना. मास्तर आतून पार हादरले होते.

“ही सही तू पाहिलीस कुठे?”

एवढं विचारायचा अवकाश, मास्तरांची कळी खुलली. त्यांनी पिशवीतून मखमली अल्बम काढला. बावीस गव्हर्नर, बावीस सह्या! रद्दीची दुकानं आणि जुन्या घराण्यांच्या पेट्या धुंडाळून, चाळीस वर्षांत जमवलेल्या.

“असा संग्रह जिल्ह्यात कुणाकडे नाही, बाबा. सगळ्या मी स्वतः कात्रीने कापल्यात. एक कड वाकडी दाखवा.”

“कशातून कापल्यास?”

“हुकमांतून. कुणाचा माफीचा अर्ज, कुणाची फाशी, कुणाची जमीन जप्त. वरच्या त्या गिचमिडीचं काय लोणचं घालायचंय? बंबात घातली सगळी.”

“माफी मिळाली?”

“कुणाला?”

“ज्याने मागितली त्याला.”

मास्तर अल्बमची कड चाचपू लागले.

“वाचलं नाही,” शेवटी ते म्हणाले. “मला सहीच हवी होती.”

मास्तरांनी अल्बम बाबांच्या पायाशी ठेवला.

“हा घ्या. जाळा, पुरा, काय वाटेल ते करा. पण माझं नाव मला परत द्या. नाहीतर मी जिवंत आहे, हे मी कुणाला पटवू?”

बाबांनी एक कोरा कागद पुढे केला.

“सही कर.”

मास्तरांनी नेट लावून पेन धरलं. ‘चौबळ, चौबळ’ असं पुटपुटत हात चालवला. कागदाच्या तळाशी लांब शेपटीची सही उमटली. मास्तरांना रडूच कोसळलं.

बाबांनी शाईवर फुंकर घातली. मग उठून अंगणाकडचं दार उघडलं.

उन्हात माणसं उभी होती. रांगेने. कुणाच्या डोक्याला पागोटं, कुणाच्या खांद्यावर फाटकं घोंगडं, एक बाई कडेवर पोर घेऊन. प्रत्येकाच्या हातात एक कागद होता. कडा जळून काळ्या झालेल्या, खालची तेवढी कात्रीने सरळ कापलेली.



“बाबा… हे लोक… आणि माझं नाव?”

बाबांनी आपल्या बसण्याची चटई झटकली आणि मास्तरांसाठी नीट अंथरली. सही उमटलेला तो कागद तिच्यापुढे ठेवला. मग दाराशी जाऊन कचेरीतल्या शिपायासारखे हात बांधून उभे राहिले.

“नावाचं शेवटचा माणूस गेल्यावर बघू. बसा, साहेब… पहिल्याला आत पाठवतो.”