लोहारणीच्या दाराची कडी

फार फार जुन्या काळी, डोंगराआडच्या एका गावात घरांना दारं होती, पण दारांना कड्या नव्हत्या. कुणा बाईची चूल विझली की ती शेजारणीकडे विस्तव मागायला जाई. दार नुसतं ढकललं की झालं.

त्या गावात एक लोहारीण एकटी राहत होती. तिने हौसेने कड्या घडवल्या, पण एकही खपली नाही.

“कडी लावून करू काय गं?” म्हातारी कुंभारीण हसली. “माझी मडकी काय पळून जाणार आहेत?”

माल तयार होता, गरज नव्हती. मग लोहारणीने गरजच घडवली. पाणवठ्यावर ती हळूच म्हणाली, “तळ्यापलीकडून काहीतरी येतं बायांनो. नखांनी दार चाचपतं. ओळखीच्या आवाजात हाक मारतं. उघडू नका हं.”

कड्यांवर उड्या पडल्या. मग तिने मुद्दाम थोड्याच घडवायला घेतल्या. माल कमी, मागणी जास्त. भाव चढतच गेला. विस्तव मागणं बंद पडलं. दिवे लागायच्या आत गाव चिडीचूप होई, आणि लोहारणीला मनातून हसू येई.

एका धुकट संध्याकाळी एक गिऱ्हाईक आलं. तोंडावर घोंगडी, बोटं लांब आणि ओली.

“कडी दे.”

“संपल्या.”

“तुझ्या दाराला आहे की.” त्याने ऐरणीवर सोन्याचा गोळा ठेवला.

एवढा भाव कधीच आला नव्हता. उद्या दुसरी घडवू, असं म्हणत तिने स्वतःच्या दाराची कडी उचकटून दिली. गिऱ्हाईक तळ्याच्या बाजूला गेलं. तिकडे एकही घर नाही, हे तिला नंतर आठवलं.

आणि त्याच रात्री तिच्या दारावर नखं फिरली. हळूहळू, चाचपत.

ती मागच्या दाराने धावली. कुंभारणीचं दार बडवू लागली. “आजे, दार उघड गं! मी आहे, मी!”

आत कडी आणखी घट्ट सरकली. “अगदी तिचाच आवाज काढतंय मेलं,” म्हातारी पुटपुटली. “पोरीने आधीच सांगितलं, म्हणून वाचलो.”

लोहारणीने एकामागून एक दार ठोठावलं. एकही उघडलं नाही. मागून ओली पावलं जवळ येत होती.

सकाळी ऐरणीवर सोनं नव्हतं, चिखलाचा गोळा होता. लोहारीण पुन्हा कुणाला दिसली नाही. पण धुकं उतरलं की तिचा आवाज आजही दारोदार हाक मारत फिरतो, आणि गाव आपापल्या कड्या चाचपून पाहतं.

भीती विकणाऱ्याला गिऱ्हाईकं पुष्कळ मिळतात, शेजारी मात्र एकही उरत नाही.