मेव्हण्याचा मुंगळा

लग्न चार दिवसांवर आलं आणि दुर्जयराजाचं घोडं कानावर अडलं. तेही स्वतःच्याच कानावर!

बाकी सगळ्याला राजानं मुकाट्यानं मान डोलावली होती. हळद लावून घेईन म्हणाला, मुंडावळ्या बांधीन म्हणाला, अंतरपाटामागं ताटकळत उभं राहायलाही तयार झाला. पण विधी सांगता सांगता पुरोहित म्हणाले, की लाजाहोमाच्या वेळी वधूचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. झालं! राजा ताडकन उठला. त्याच्या कानाला हात? आणि तोही एका माळ्याचा?

कारण वधू होती सगुणा, राजवाड्यात फुलं पोचवणाऱ्या भिवा माळ्याची बहीण. आईबाप लहानपणीच गेलेले, भिवानंच तिला वाढवलेली. राजा तिच्यावर भाळला होता आणि तिलाही तो मनापासून आवडला होता.

या कानपिळीला अर्थ काय, असं राजानं पुरोहितांना विचारलं. पूर्वापार चालत आलंय, असं पुरोहित म्हणाले. एवढ्यानं राजाचं समाधान कसलं होतंय! कानपिळी रद्द, असं त्यानं फर्मान काढलं.

फर्मान सगुणेकडं पोचलं आणि तिचा उलटा निरोप आला. तो माझ्या भावाचा मान आहे. कानपिळी नाही, तर मीही बोहल्यावर नाही.

राजाची पंचाईत झाली. लग्न मोडावं तर जीव सगुणेत अडकलेला, आणि कान द्यावा तर तोरा जातो. त्यानं खूप डोकं खाजवलं आणि भिवाला दरबारात बोलावून घेतलं.

"बळी तो कान पिळी, ही म्हण ठाऊक आहे ना रे माळ्या? या राज्यात बळी एकच, आणि तो मी. तरी तू कान पिळ, खुशाल पिळ. फक्त तुझा हात माझ्या कानाला लागता कामा नये. काठी नाही, दोरी नाही, फुलाची पाकळीसुद्धा नाही. लागली तर हात तोडीन. आणि कान पिळला गेला नाही, तर लग्न तुझ्यामुळं मोडलं, असं गावभर सांगेन."

भिवा घरी आला तो घाबरूनच. हात गेले तर फुलं ओवणार कशानं? आणि हात सांभाळावेत, तर बहिणीचं ठरलेलं लग्न मोडतं. तीन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी राजाच्या मुंडावळ्या ओवता ओवता मात्र तो एकाएकी ओरडला, आणि मग हसतच सुटला. सगुणेनं कारण विचारलं, तर म्हणाला, काही नाही गं, मुंगळा चावला.

लग्नाच्या दिवशी मांडवात मुंगीला शिरायला जागा नव्हती. अक्षता पडल्या, लाजाहोम सुरू झाला. भिवा दोन्ही हातांत सूप धरून बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालू लागला. घालता घालता तो मध्येच थांबला आणि राजाकडं डोळे विस्फारून बघू लागला.

"हलू नका म्हाराज! मुंडावळीतनं मुंगळा उतरलाय, डाव्या कानात शिरतोय. पाळी धरून पिळा, न्हाईतर आत गेला!"

राजानं डावा कान धरला आणि असा पिरगळला, की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मुंगळा काही हाती लागला नाही. पडला असेल कुठंतरी, असं म्हणून राजा पुन्हा ताठ बसला. होम आटोपला आणि पुरोहितांनी भीत भीतच पुकारलं, "आता कानपिळी."

राजानं मिशीत हसत कान पुढं केला. "हं, पिळ बघू."

"झाली की म्हाराज," भिवा म्हणाला. "मघाशीच."

मांडवातल्या साऱ्या माना राजाकडं वळल्या. राजाचा डावा कान अजून लालबुंद होता, आणि तो सगळ्यांना दिसत होता.

"माझे दोन्ही हात सुपाला हुते. काठी न्हाई, दोरी न्हाई, पाकळी न्हाई. म्या नुसतं म्हाराजांच्या कानावर घातलं. पिळला तो बळीनंच!"

"आणि मुंगळा कुठाय?" राजानं दरडावून विचारलं.

"त्यो मेव्हण्याचा मुंगळा, म्हाराज. त्यो दिसत नसतो."

आधी सगुणेला हसू फुटलं. मग राजाला. तो इतका हसला, की मुंडावळ्या सुटून मांडीवर पडल्या. हसतच त्यानं आपली जरीची पगडी काढून भिवाच्या डोक्यावर ठेवली आणि राजवाड्यामागची मोगऱ्याची बाग त्याला इनाम दिली.

"पण मेव्हणे," राजा म्हणाला, आणि भिवाला तो पहिल्यांदाच माळ्या म्हणाला नाही, "हा मुंगळा पुन्हा तर यायचा नाही ना?"

"ते सगुणेवर हाय, म्हाराज. तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं, की त्यो निघालाच म्हणून समजा."

राजा पुरोहितांकडं वळला. "गुरुजी, कानपिळीचा अर्थ विचारला होता मी. घ्या लिहून!"

आणि तो पुन्हा खदखदून हसला. हात मात्र आपसूक डाव्या कानाकडं गेला होता.