तक्रारखोर दिवा

गाड्यांचे दिवे बोलायचे, तेव्हाची गोष्ट. शेवंताक्कांच्या जीपचा उजवा दिवा उन्हाने पिवळट, धुरकट झाला होता. त्याची तक्रार मात्र भलतीच. "हल्लीचे रस्तेच मेले अंधारे," तो सारखा कुरकुरायचा.

एका संध्याकाळी जीप म्हशीला धडकता धडकता वाचली. अक्कांनी तडक गॅरेज गाठलं.

"नझीरभाई, हा दिवा काढून टाका. नवा बसवा."

"कशाला, अक्का? आतून ठणठणीत आहे. वरची काच घासू फक्त."

ओला पॉलिश पेपर फिरायला लागला, तसा दिवा आणखीच पांढरा पडला. "मेलो! होतं नव्हतं तेही दिसेनासं झालं!" तो ओरडला. "यापेक्षा भंगारात टाका मला!"

"ओरडतोस काय?" पेपर म्हणाला. "झिजतोय तर मीही."

मग बारीक पेपर झाला, मऊ फडकं झालं, आणि काच लखलखली. झिजलेले पेपर कचऱ्याच्या डब्यात गेले.

अक्का त्याच रस्त्याने परतल्या. खड्डे होते तिथेच होते, पण आता एकूण एक खड्डा लांबूनच दिसत होता.

दिवा खुशीत म्हणाला, "बघा! मी सारखी तक्रार केली, तेव्हा कुठे रस्ता सुधारला!"