साहेबांच्या वॉलेटमधल्या तलवारी

रणधीर कारखानीसांची जीभ अशी गोड, की बुडालेल्या माणसालाही त्यांचा राग येऊ नये. आपला ऑनलाइन खेळ त्यांनी एका सकाळी न सांगता बंद केला आणि वर्षभरात नव्या खेळाचा सोहळा मांडला. जुन्या खेळाडूंनाही आग्रहाचं बोलावणं होतं.

कुडाळच्या शाल्मली गावडेने जुन्या खेळात कॉलेजची वर्षं घालवून एक डिजिटल तलवार मिळवली होती. सोहळ्यात तिने उभं राहून विचारलं, "खेळच नाही, तर आमच्या तलवारींचं काय?"

"अहो, त्या तुमच्याच डिजिटल वॉलेटमध्ये आहेत. ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांवर ठेवलेली एकच वही; तिच्यातली नोंद कुणाच्या बापाला पुसता येत नाही. त्या आजही तितक्याच मोलाच्या आहेत." विश्वास बसावा म्हणून साहेबांनी स्वतःचं वॉलेट, पत्त्यासकट, मोठ्या पडद्यावर उघडलं.

वॉलेटमधली वस्तू पाठवायला फक्त पाठवणाऱ्याची गुप्त किल्ली लागते. घेणाऱ्याला कुणी विचारत नाही. शाल्मलीने पत्ता टिपला आणि तलवार पाठवून दिली. शेजारच्यांनी पाहिलं आणि तेच केलं.

पडद्यावर एक तलवार उगवली, मग रीघच लागली. साहेबांच्या वॉलेटमधली नव्या खेळाची चकचकीत चित्रं त्यांच्याखाली दिसेनाशी झाली.

"हा कचरा कोण टाकतंय माझ्या वॉलेटमध्ये?" साहेब खेकसले.

"कचरा आहे हे आम्हाला कधीच कळलं होतं," शाल्मली म्हणाली. "फक्त तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. नोंद मात्र आता पुसता यायची नाही. तुम्हीच म्हणालात."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बाहेर येऊन तिने आपलं वॉलेट पाहिलं. ते रिकामं होतं. तलवार होती तेव्हाही ते तसंच होतं.