वैलावरची खीर

उसाच्या मळ्यांत एक गाव होतं. तिथल्या गुऱ्हाळाच्या धुरानं साऱ्यांना खोकला लागला. लोक म्हणू लागले, गुऱ्हाळच बंद करा. राधाक्कांचा जीव टांगणीला लागला, कारण त्यांचे यजमान तिथंच गूळ शिजवणारे गुळवे होते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी त्यांनी लक्ष्मीपुढं हात जोडले, "गुऱ्हाळ चालू दे, धूर तेवढा कमी कर."

संध्याकाळी गुऱ्हाळाचे मालक दत्ताजीराव त्यांच्या घरी प्रसादाला आले. राधाक्कांनी धुराचा विषय काढला.

"वहिनी, धूर म्हणजे माझी लक्ष्मी. धूर कमी आणि गूळ तेवढाच, असं कुणाच्या चुलीवर होतं का?"

राधाक्कांनी खिरीची वाटी पुढं केली. "ही वैलावर, चुलीच्या जोडतोंडावर शिजली. चुलीवर पुरण होतं, उरलेला जाळ शेजारच्या वैलात गेला. खिरीला वेगळं लाकूड लागलं नाही."

"खीर झकास आहे. मग?"

"तुमच्या रस आटवायच्या काहिलीला वैलच नाही. उरलेला जाळ सरळ धुराड्यात. धूर म्हणजे लक्ष्मी, हे खरंच आहे, मालक. फक्त ती येताना दिसत नाही, जाताना दिसते."

मालकांनी वाटी संपवून खाली ठेवली. मग ते गुळव्याला म्हणाले, "उद्या गवंडी बोलवा."

गवंड्यानं काहिलीमागं वैल बांधून त्यावर दुसरी काहील बसवली. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी त्या मागच्या काहिलीतही रस तापत होता. जळण कमी लागलं, धूर विरळ झाला. राधाक्कांचं मागणं पुरं झालं, तसं धुराड्याखालच्या प्रत्येक गावाचं होवो.