राणीला गिळणारा गालिचा

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. त्याचा महाल सरोवराच्या काठी. भिंतींना बारमाही ओल, आणि दार साऱ्या प्रजेला उघडे. राजाने एका मांत्रिकाचा खजिना जिंकला आणि त्यातला सोनेरी गालिचा महालात अंथरविला.

राणी चंद्रसेनेने विचारले, "आपल्या घराला हा शोभेल का, महाराज?"

राजा म्हणाला, "माझ्या विजयाला शोभतो."

राणीने गालिच्यावर पाऊल ठेवले आणि ती नक्षीत उतरली. धावत आलेली दासीही तिच्यामागे विणली गेली. दोघी वेलबुट्टीत स्थिर झाल्या. डोळे तेवढे हलत राहिले.

राजाने तलवार चालविली, पण एकही धागा तुटला नाही. तेव्हा खिडकीत निळा चाष पक्षी येऊन बसला आणि राजकन्या मृण्मयीला म्हणाला, "हा बळाने सोडणार नाही. या घराचा खरा गालिचा उंबरठ्यावर येईल, तेव्हाच सोडील. तीनदा आणून पाहा. चुकशील तशी राणी विटत जाईल. तिसऱ्यांदा चुकलीस, तर कोरा धागा उरेल."

धुक्याच्या डोंगरापलीकडे तंतुमती नावाची जादूगारीण राहत असे. तिच्या दरीत गालिचे पाखरांसारखे थव्याने उडत. मृण्मयी गालिचा मागायला तिथे पोचली.

"काय हवे?" तंतुमतीने विचारले.

"राजाला साजेसा गालिचा."

तंतुमतीने रेशमी गालिचा दिला. त्यावर विणलेली हरणे खरोखर चरत होती. पण उंबरठ्यावर सरोवराची ओल लागली, रेशीम आकसले, हरणे उड्या मारून रानात पळाली. राणीचे केस पांढरे झाले.

मृण्मयी पुन्हा गेली. "राजाला साजेसा, पण याहून उबदार," ती म्हणाली. या वेळी लोकरीचा शुभ्र गालिचा मिळाला. पाऊल घोट्यापर्यंत रुतावे इतका मऊ. उंबरठ्यावर एक कोळीण न्याय मागायला आली होती. तिच्या पायांचे पाणी आणि चिखल पिऊन तो फुगला, "माझा जीव कोंडतो" म्हणाला आणि कुजून पडला. राणीच्या ओठांचा रंग गेला.

आता मृण्मयी दरीकडे धावली नाही. ती उंबरठ्यावर बसून राहिली.

"लेकी, वेळ दवडू नकोस!" राजा कळवळला.

"आपल्या घरात कोण कसे चालते, ते पाहते आहे, महाराज."

तिने कोळ्यांची ओली पावले पाहिली. वृद्ध प्रधानांची काठी पाहिली. दासीचे रांगते मूल आईला शोधत होते, तेही पाहिले. मग ती तंतुमतीकडे गेली आणि पाहिलेले सारे सांगितले. राजाचे नाव तिने घेतले नाही.

तंतुमतीने थव्याला साद घातली. शेवाळी रंगाचा एक गालिचा संथपणे खाली आला. वीण आखूड आणि घट्ट. पाणी त्यावरून निथळे, काठी अडकत नसे, आणि उन्हात झटकला की पुन्हा नवा होई.

मृण्मयी घाबरत म्हणाली, "हा साधा दिसतो."

"घरात गेला की पाहा," तंतुमती म्हणाली.

उंबरठ्यावर तो उलगडताच सोनेरी गालिच्याने दीर्घ सुस्कारा सोडला. धागा धागा सुटत गेला. दासी बाहेर आली आणि तिने मूल उराशी घेतले. मग राणी उठली. केस काळे, ओठ लाल. शेवाळी गालिचा दालनभर पसरला आणि पहाटेच्या सरोवरासारखा उजळला.

राजाने पादत्राणे काढली. "राणी, आत कसे होते?" त्याने हळूच विचारले.

"अतिशय सुंदर होते, महाराज," राणी म्हणाली. "राहता मात्र येत नव्हते."

राजाने मान लवविली आणि तिचा हात धरून तो नव्या गालिच्यावर चालू लागला. शाप सरला, घर सावरले. त्या घरासारखी तुमचीही घरे भरली राहोत.