दहावी म्हैस

फार फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात दहा-बारा ख्रिस्ती घरं होती, एक दगडी उपासनामंदिर होतं आणि शिमोन नावाचा एक म्हशीवाला होता. माणूस कष्टाळू, देवभीरू, दर रविवारी पहिल्या बाकावर बसणारा. फक्त दशांशाची गोष्ट निघाली की त्याला खोकला यायचा.

दशांश म्हणजे आपल्याला मिळालेल्यातला दहावा वाटा देवाला अर्पण करायचा. ज्वारीवाले दहावं पोतं आणत, कोंबड्या पाळणाऱ्या बाया दहावं अंडं आणत. शिमोनकडे मात्र कायम नऊच म्हशी असायच्या. दहावी झाली की तो एखादीला बाजार दाखवायचा आणि पुन्हा नवावर यायचा.

"नवाचा दहावा वाटा द्यायचा म्हणजे म्हशीचं कोणतं अंग कापून देऊ, ते सांगा," असं तो उपासना चालवणाऱ्या पाळकबाबांनाच विचारायचा.

एका वर्षी दहावी म्हैस दुधाला आली. तिच्या कपाळावर पांढरा टिळा होता म्हणून तिला चांदरी म्हणायचे. शिमोन तिला घेऊन बाजाराला निघाला, तर त्याची बायको सगुणा गोठ्याचं दार अडवून उभी.

"आता दहा झाल्या. ही देवाची," ती म्हणाली.

"अगं, नीट मोज. कोपऱ्यातली म्हातारी आटलीये. तिला काय म्हैस म्हणायचं?"

"आटलेल्यांना मोजायचं नसेल, तर या घरातून आधी तुमचं नाव काढावं लागेल."

शिमोननं चांदरीचं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं. आणि द्यायचीच आहे तर थाटात देऊ, असं त्यानं ठरवलं. रविवारी त्यानं चांदरीच्या शिंगांना रंग दिला, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि पुढे हलगी लावून तिला अख्ख्या गावातून फिरवत आणलं. पाळकबाबांनी प्रार्थना केली. चांदरीनं अर्पणाच्या टोपलीतली मेथीची जुडी खाल्ली. सगळं छान पार पडलं.

मंडळीनं असं ठरवलं, की मंदिराशेजारी राहणाऱ्या राहेलबाईनं चांदरीला सांभाळायचं आणि ज्या घरात आजारी, म्हातारं किंवा तान्हं असेल त्या घरी दूध पोचवायचं. राहेलबाई विधवा होती, हाताची स्वच्छ होती आणि फार बोलणारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शिमोन तिच्या दारात.

"आमच्या म्हशीला झोप लागली का?"

राहेलबाईनं मान हलवली. तिसऱ्या दिवशी त्यानं पेंड कशी भिजवायची ते शिकवलं. चौथ्या दिवशी धार कशी काढायची ते शिकवलं, आणि दूध बिघडलं तर नाही ना हे बघायला सोबत आणलेला तांब्या भरून घेतला. मग रोजच बघायला लागला. रोज तोच तांब्या, आणि तो काही लहान नव्हता.

रविवारी प्रार्थनेच्या वेळी तो उभा राहून मोठ्यानं म्हणायचा, "हे आकाशातल्या बापा, मी तुला जी म्हैस दिली, तिला आरोग्य दे." गावातल्या पोरांना ही प्रार्थना प्रभूच्या प्रार्थनेच्या आधी पाठ झाली.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण गावात गेनू नावाचा शेतकरी होता. त्याचं आणि शिमोनचं बांधावरून भांडण होतं. गेनूची बायको बाळंत झाली, तिला ताप भरला आणि तिच्या अंगावरचं दूध गेलं. तान्ही पोर रडून रडून निळी पडायला लागली. राहेलबाई दुधाचं भांडं घेऊन निघाली, तर शिमोन आडवा आला.

"माझ्या म्हशीचा थेंबसुद्धा गेनूच्या उंबऱ्याच्या आत जाता कामा नये," तो म्हणाला. "वाटेल त्याला द्या वहिनी, पण त्याला नाही."

राहेलबाई त्याच्याशी वाद घालत बसली नाही. ती भांडं घेऊन तडक पाळकबाबांकडे गेली. पाळकबाबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बाई, तू आधी दूध पोचव. पोर थांबायची नाही. शिमोनचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच पाळकबाबा शिमोनच्या गोठ्यात हजर झाले.

"मालकानं पाठवलंय," ते म्हणाले.

"कोणत्या मालकानं?"

"दहाही म्हशींच्या. एक त्यानं मंदिराकडे ठेवली, नऊ तुझ्याकडे. त्या कशा आहेत ते बघून यायला सांगितलंय."

शिमोन हसला. पाळकबाबा हसले नाहीत. त्यांनी शेण कुठे टाकतोस ते विचारलं, वैरण हुंगून पाहिली, एका म्हशीची शेपटी उचलून नाराजीनं मान हलवली आणि जाताना, दूध बिघडलं तर नाही ना हे बघायला, बादलीभर दूध घेऊन गेले. ते दूध त्यांनी गेनूच्या घरी दिलं, पण शिमोनला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी सगुणानं त्यांच्यासाठी पाट मांडून ठेवला. नवऱ्याचा चेहरा नीट दिसेल अशा जागी ती स्वतःही बसली.

चौथ्या दिवशी शिमोन न्याहारीला बसला होता. त्यानं दुधाची वाटी उचलली, तोच पाळकबाबांनी तिच्यावर हात ठेवला.

"थांब. भांडखोराच्या पोटात आपलं दूध गेलेलं मालकाला आवडत नाही. बांधाचं मिटेपर्यंत तुला ताक."

"ताकसुद्धा पातळच करते," सगुणा म्हणाली.

शिमोनचा संयम सुटला. "पाळकबाबा, मी लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण देवानं या म्हशी मला दिल्यात की नाही? एकदा दिल्यावर रोज उठून चौकशी कसली? हे प्यायचं, ते नाही प्यायचं, याला काय देणं म्ह—"

तो मध्येच थांबला. रोज राहेलबाईकडे न्यायचा तो तांब्या समोरच होता; त्याची नजर त्यावर गेली.

पाळकबाबांनी वाटीवरचा हात काढला. "देवानं दिल्या," ते हळूच म्हणाले, "आणि एकदाही विचारायला आला नाही. म्हणून तर तुला वाटलं, त्या तुझ्याच आहेत."

शिमोनला ते दूध काही पिववेना. तो उठला, नवांतली सगळ्यात चांगली म्हैस पिळली आणि भांडं घेऊन निघाला. वाटेत राहेलबाईच्या दारातून चांदरी त्याला पाहून रेकली. त्यानं मान खाली घातली, पावलं उचलली आणि पेंड नीट भिजलीये का हे न विचारता पुढे गेला. एवढं अवघड काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

गेनूनं दार उघडलं. आधी शिमोनकडे पाहिलं, मग भांड्याकडे.

"कुणाचं दूध आहे?" त्यानं संशयानं विचारलं.

शिमोननं सवयीनं तोंड उघडलं. "माझ्या..." तो अडखळला. मग भांडं पुढे करत म्हणाला, "म्हशीचं."

आत खाटेवर पडलेली गेनूची बायको खुदकन हसली. किती दिवसांनी घरात हसू ऐकलं म्हणून गेनूलाही हसू आलं. त्यानं भांडं घेतलं, पोरीच्या ओठांना दुधात बुडवलेली कापसाची वात लावली, आणि बांधावर पहिला दगड कुणी सरकवला हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. त्या वर्षी शिमोनच्या गोठ्यातून रोज एक भांडं त्या घरी जात राहिलं आणि तो कितवा वाटा होता हे त्यानं मोजलं नाही.

तात्पर्य : दिलेलं तर देवाचं असतंच, आपल्याकडे उरलेलंही त्याचंच असतं, हे ज्याला उमगलं, त्याचंच अर्पण देवापर्यंत पोचतं.